कामगाराचे सरकार कोणते?



चालकांनी आम्हांला विषय दिला तो ‘केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी’ असा. वास्तविक हा विषय एखाद्या वकिलाने किंवा कॉलेजातील प्राध्यापकाने घ्यावयाचा. आमचे शाळेतले शिक्षण अर्धवटच राहिले. राज्यघटना आम्ही वाचली ती युनियनच्या कचेरीत, दुसऱ्या पाळीचे लोक निघून गेल्यावर, शब्दकोश शेजारी ठेवून. आणि ती हौसेने वाचली असेही नाही. कामगाराचा अर्ज कोणत्या कचेरीत न्यावयाचा हे कळण्यासाठीसुद्धा या देशात घटनेची सातवी अनुसूची उघडावी लागते, म्हणून वाचली. तेव्हा आज आम्ही बोलणार आहोत ते कारखान्याच्या फाटकातून ही वाटणी कशी दिसते तेवढेच. अमेरिकेत काय आहे आणि कॅनडात काय आहे, हे सांगणारे आमच्याहून पुष्कळ जाणते लोक आहेत.

सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत, हे आपणां सर्वांना ठाऊक असेल. पहिली संघ सूची, दुसरी राज्य सूची आणि तिसरी समवर्ती सूची. १९५० साली घटना अमलात आली तेव्हा पहिलीत ९७ विषय होते, दुसरीत ६६ आणि तिसरीत ४७. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, टपाल, नाणे हे दिल्लीकडे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन हे राज्यांकडे. तिसऱ्या यादीतील विषयांवर दोघांनाही कायदे करता येतात. तिन्ही याद्यांत जे कोठेच बसत नाही ते सारे दिल्लीच्या पदरात.

ही कल्पना घटना समितीने नव्याने काढलेली नव्हे. तीन याद्यांची मांडणी १९३५ च्या इंग्रजी कायद्यातून आली. त्यातही संघाची यादी ५९ बाबींची, प्रांतांची ५४ आणि सामाईक ३६ बाबींची होती. मध्यंतरी, मे १९४६ मध्ये, कॅबिनेट मिशनने असा आराखडा मांडला होता की, मध्यवर्ती सरकारकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण एवढेच असावे आणि बाकीचे सर्व प्रांतांकडे जावे. तो आराखडा टिकला असता तर आज आमच्या विषयाचे स्वरूप अगदी निराळे झाले असते. पण फाळणी झाली, आणि फाळणीच्या वणव्यात बसून घटना लिहिणाऱ्या लोकांना बलवान केंद्र हवेसे वाटले, यात नवल नाही. त्यांना त्याबद्दल दोष देणाऱ्यांत आम्ही नाही.

आता कामगार कोठे बसतो ते पाहू. कामगार संघटना आणि औद्योगिक तंटे हा समवर्ती सूचीतील बाविसावा विषय. सामाजिक विमा, रोजगार आणि बेकारी हा तेविसावा. कामाची परिस्थिती, भविष्य निर्वाह निधी, नुकसानभरपाई, म्हातारपणाचे वेतन, बाळंतपणाचे फायदे हा चोविसावा. म्हणजे आमचा जवळजवळ सारा संसार तिसऱ्या यादीत. खाणींतील मजूर तेवढा पहिल्या यादीत. आणि संप झाला म्हणजे फाटकावर जो पोलीस येतो, तो दुसऱ्या यादीत.

कामगार सामाईक यादीत का घातला, याचे कारण त्या काळी उघड बोलले जात असे. एका प्रांताने कामाचे तास कमी केले आणि शेजारच्या संस्थानाने केले नाहीत, तर भांडवल शेजारी जाईल. म्हणून किमान काही नियम तरी साऱ्या देशाला एक हवेत. उलट, मुंबईची गिरणी, बंगालची ताग गिरणी आणि आसामचा चहाचा मळा यांना एकच माप लावता येत नाही. म्हणून प्रांतालाही हात हवा. दोन्ही म्हणणी खरी आहेत. आम्ही इतकी वर्षे काम केल्यावर आमचेही मत तेच आहे. मात्र ‘दोघांचाही हात’ असे म्हणताना कोणता हात कशासाठी, हे ठरवून घ्यावे लागते, आणि नेमके तेच आपण अद्याप पुरते ठरविलेले नाही.

पुष्कळांचा असा समज असतो की, जवळचे सरकार ते आपले सरकार आणि लांबचे ते परके. इतिहास तसे सांगत नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात निवडून आलेले पहिले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याने १९३८ साली औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले आणि त्यात संपावर बंधने घातली. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. तो संप घडवून आणणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. पुढे तेच डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि १९४६ साली मध्यवर्ती कायद्यानेच बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे आपल्याच प्रांताच्या, आपण निवडलेल्या सरकारविरुद्ध संप करावा लागला, आणि आठ तासांचा दिवस मिळाला तो दिल्लीहून, तोही परकी राज्य असताना. घर जवळचे की लांबचे, एवढ्यावर माणसाची पारख होत नाही, तशी सरकारचीही होत नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी औद्योगिक तंट्यांचा मध्यवर्ती कायदा झाला. त्यात ‘समुचित शासन’ असा एक शब्द आहे. अमुक तंट्याशी ज्या सरकारचा संबंध, ते त्या तंट्याचे समुचित शासन. शब्द दोन आहेत, पण आमच्या धंद्यातील अर्धे आयुष्य या दोन शब्दांत गेले आहे. आपल्या गावातून स्टेशनाकडे जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा. बँकेतील कारकुनाचा तंटा केंद्राकडे. तिच्या शेजारच्या कापडाच्या दुकानातील नोकराचा राज्याकडे. एस. टी. च्या कंडक्टरचा राज्याकडे. समोर मालधक्क्यावर रेल्वेच्या नोकराचा केंद्राकडे. सगळे एकाच भावाने ज्वारी घेतात, एकाच नळाचे पाणी पितात. तंटा झाला की एकाने कामगार उपायुक्तांकडे जावयाचे आणि दुसऱ्याने केंद्राच्या सहायक कामगार आयुक्तांकडे.

बँका केंद्राकडे का गेल्या, याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. १९४६ नंतर बँक कर्मचाऱ्यांचे तंटे प्रांतोप्रांती चालू लागले. एकच बँक, एकच काम, एकच खतावणी. पण मुंबईतला निवाडा निराळा आणि संयुक्त प्रांतातला निराळा. अखेर १९४९ साली, ज्यांच्या शाखा एकाहून अधिक प्रांतांत आहेत अशा बँका व विमा कंपन्या केंद्राच्या कक्षेत घेतल्या गेल्या आणि सेन न्यायाधिकरण नेमले गेले. त्याचा निवाडा १९५० साली आला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो न्यायाधिकरणाच्या रचनेतील दोषामुळे रद्द केला. मग १९५२ साली शास्त्री न्यायाधिकरण, १९५३ साली त्याचा निवाडा, त्यावर अपील. अपिलात जे मिळाले त्यात १९५४ साली केंद्र सरकारने स्वतःच काटछाट केली, आणि त्या वेळचे मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. असे राजीनामे आमच्या पाहण्यात फारसे आलेले नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले. या हकीकतीत केंद्राने बरे केले की वाईट? दोन्ही केले. देशभर एक वेतनश्रेणी होण्याची वाट त्यातूनच निघाली. परंतु एकदा दार एकच उरले, आणि ते दार लावणाऱ्यालाच उघडावयाचे असले, म्हणजे बाहेरच्या माणसाला कोठे दाद मागावी हे कळेनासे होते.

बँकांचा प्रश्न निदान स्पष्ट कायद्याने सुटला. जेथे कायदा मोघम राहिला तेथे काय झाले ते पाहा. रांचीला हेवी इंजिनीअरिंग कॉर्पोरेशन हा केंद्र सरकारचा मोठा कारखाना. सर्व भांडवल केंद्राचे. तेथील तंटा बिहार सरकारने न्यायाधिकरणाकडे पाठविला. प्रश्न आला की, हा कारखाना दिल्लीचा, तर बिहारचा संबंध काय? १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भागभांडवल केंद्राचे असले तरी कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती, म्हणून समुचित शासन राज्याचेच. १९९६ साली दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने याच्या उलट धरले. २००१ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९९६ चा निकाल फिरविला. २०१० साली संसदेने दुरुस्ती करून केंद्राच्या मालकीच्या कंपन्या केंद्राकडे दिल्या. एकाच फाटकाचा मालक एकेचाळीस वर्षांत किती वेळा बदलला, ते मोजून पाहा.

हे निकाल पुस्तकात वाचताना गंमत वाटते. आमच्या भागातील अशाच एका सरकारी कंपनीत अडतीस सफाई कामगार कंत्राटदाराकडे होते. कंत्राटदार दरवर्षी नवा, झाडू त्याच माणसांच्या हातात. त्यांना कायम करावे म्हणून आम्ही १९९८ साली अर्ज केला. राज्याच्या कचेरीत सांगण्यात आले, आता नवा निकाल आला आहे, हे केंद्राचे काम. केंद्राच्या कचेरीत कागद घेतले, तारखा पडल्या, कंपनीचा वकील तीनदा आला आणि चारदा आला नाही. तेवढ्यात २००१ चा निकाल लागला. पुन्हा कागद गुंडाळून पहिल्या कचेरीत. या तीन वर्षांत अडतीसांतील अकरा जणांना कामावरून कमी केले गेले होते. त्यांतील एक बाई आम्हांला म्हणाली, “दादा, दिल्ली का मुंबई ते राहू द्या, सही कोण करतो तेवढं सांगा.” तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाला आमच्यापाशी कलम होते, नाव नव्हते. कचेरीतले कारकून वाईट नव्हते. एकाने तर आम्हांला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. दोघांनाही आपापले परिपत्रक दाखविता येत होते, एवढेच.

श्रोतेहो, हा प्रश्न काही अडतीस माणसांपुरता राहत नाही, हे २०२० साली साऱ्या देशाने पाहिले. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या बोलीत टाळेबंदी म्हणजे मालकाने फाटक लावणे. त्या रात्री देशाचे फाटक लागले. आता याद्या काढा. सार्वजनिक आरोग्य हा राज्य सूचीतील सहावा विषय. साथ एका राज्यातून दुसऱ्यात पसरू नये याची तजवीज समवर्ती सूचीत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माणसांचे स्थलांतर संघ सूचीत, ८१ व्या बाबीत. रेल्वे संघ सूचीत. रस्त्यावर माणसे अडविणारा पोलीस राज्याचा. परप्रांतीय मजुरांसाठी १९७९ चा मध्यवर्ती कायदा, त्यात कंत्राटदाराने जेथून माणसे आणली तेथला आणि जेथे लावली तेथला असे दोन्हीकडचे परवाने काढावयाचे. पण तो कायदा राबविणार राज्यांची खाती. कागदावर पाहिले तर या मजुरासाठी सर्व यादीत जागा होती.

प्रत्यक्षात काय झाले? आज्ञा दिल्लीहून निघाल्या, २००५ च्या आपत्ती कायद्याखाली. २९ मार्चला आज्ञा निघाली की, मालकांनी पगार पुरता द्यावा. मे महिन्यात ती मागे घेतली गेली. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक-कामगारांनी आपसांत बोलणी करावी आणि राज्यांच्या मजूर खात्यांनी त्यास मदत करावी. गाड्या सुरू झाल्या त्या १ मे रोजी, म्हणजे कामगार दिनी, आणि लगेच तिकिटाचे पैसे रेल्वेने द्यावयाचे, पाठविणाऱ्या राज्याने, की घेणाऱ्या राज्याने, यावर वाद सुरू झाला. तो वाद चालू असतानाच ८ मेच्या पहाटे जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशातील मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले, आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातील कामगार होते. त्यांचे समुचित शासन कोणते होते, हे कोणी विचारलेही नाही.

या प्रसंगावरून कोणी म्हणेल, पाहा, केंद्राने राज्यांना न विचारता सारे केले म्हणून असे झाले. सर्व अधिकार राज्यांना द्या. आम्ही त्याला त्याच महिन्यांतील दुसरी गोष्ट सांगू. १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांतील कामाचा दिवस बारा तासांचा केला आणि जादा तासांचे दुप्पट वेतन काढून घेतले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. म्हणजे १९४६ साली जे तास मध्यवर्ती कायद्याने आले, ते एका राज्याच्या अधिसूचनेने जाऊ पाहत होते. म्हणून ‘केंद्र की राज्य’ हा वाद आम्हांला कामगाराचा वाद वाटत नाही. आमचा प्रश्न असा की, दोघांपैकी कोणाला वर चढण्याची मुभा आहे, आणि कोणाला खाली उतरण्याची.

येथे थोडे कायद्यात शिरावे लागेल, त्याला इलाज नाही. समवर्ती विषयावर संसदेचा कायदा आणि राज्याचा कायदा एकमेकांविरुद्ध गेले, तर घटनेच्या २५४ व्या कलमाप्रमाणे संसदेचा चालतो. मात्र त्या कलमात एक खिडकी ठेवली आहे. राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. संसदेला पुढे कायदा करून ती खिडकीही बंद करता येते, हा भाग निराळा. आता ही खिडकी कोणी कशी वापरली पाहा. मोठ्या कारखान्यात कामगार कपात करावयाची किंवा कारखाना बंद करावयाचा तर सरकारची आगाऊ परवानगी हवी, असा नियम १९७६ साली झाला. तो तीनशे कामगारांच्या कारखान्यांना होता. पश्चिम बंगालने १९८० साली आपल्यापुरता हा आकडा पन्नासवर आणला. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने केंद्रानेच तो शंभर केला. राजस्थानने २०१४ साली त्याच खिडकीतून तो पुन्हा तीनशेवर नेला. खिडकी एकच. बंगालने तिच्यातून अधिक माणसे आत घेतली आणि राजस्थानने बाहेर काढली.

राज्यांनी या अधिकाराचा चांगला उपयोग केल्याची उदाहरणेही आहेत, आणि त्यांतील दोन आपल्या महाराष्ट्राची आहेत हे सांगताना आम्हांला अभिमान वाटतो. पहिले माथाडींचे. बाजारपेठेतील हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. मालक-नोकर असे नाते धरून केलेले कायदे त्याच्या पाठीवर बसतच नव्हते. १९६९ साली महाराष्ट्राने कायदा करून मंडळे काढली. व्यापाऱ्याचीही नोंद, टोळीचीही नोंद, मजुरी मंडळामार्फत आणि तिच्यावर लेव्ही. दिल्लीला हे सुचले नसते, कारण दिल्लीला मशीद बंदरचा धक्का दिसत नाही. दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या या योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाराला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. संसदेने तसा कायदा केला तो २००५ साली, सव्वीस वर्षांनी.

आणि पैसा कोठून आणला? आपल्यापैकी जे नोकरदार येथे बसले आहेत त्यांनी आपली पगारचिठ्ठी आठवावी. तीत व्यवसाय कर म्हणून वर्षाला अडीच हजार रुपयांपर्यंत कापले जातात. तो कर १९७५ साली या हमीसाठी बसविला. राज्य सूचीतील साठावी बाब आणि घटनेचे २७६ वे कलम यांच्या आधाराने शहरातल्या पगारातून खेड्यातल्या खडी फोडणाऱ्याची मजुरी निघाली. कर कापला गेला की लोक कुरकुरतात, आम्हीही कुरकुरतो. पण अधिकाराच्या वाटणीतून एवढे चांगले काम निघालेले आम्ही दुसरे पाहिले नाही.

पैशाचा विषय निघाला म्हणून राज्य विम्याची गोष्ट सांगतो. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा महामंडळ झाले. ते केंद्राचे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते, तीही त्याच्याकडे. पण दवाखाना चालविण्याचे काम बहुतेक ठिकाणी राज्य सरकारकडे, आणि खर्चाची वाटणी अशी की, सात हिस्से महामंडळाचे आणि एक हिस्सा राज्याचा. आता एका हिश्शासाठी सात हिस्से अडून बसतात हे ज्याने दवाखान्याच्या रांगेत पाहिले नाही, त्याला ते खरे वाटणार नाही. डॉक्टरची जागा रिकामी, ती राज्याने भरावयाची. औषध नाही, तर मंजुरीचा कागद अमुक कचेरीत आहे. कामगाराचे पैसे मात्र पगाराच्या दिवशीच कापले जातात. त्या बाबतीत केंद्र-राज्य असा वाद कधी झालेला आम्ही ऐकला नाही.

गिरण्यांचेही तसेच झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. त्यांना ज्या कायद्याने जखडले होते तो १९४६ चा मुंबई प्रांताचा कायदा. एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, तिच्याखेरीज कोणाशी बोलणी नाहीत. १९८३ साली तेरा गिरण्यांचा कारभार केंद्राने घेतला. १९९१ साली गिरण्यांच्या जमिनीवर काय बांधता येईल याचा नियम झाला, तो राज्याचा. गिरणी दिल्लीची, जमिनीचा नियम मुंबईचा. घरासाठी अर्ज भरणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराने कोणाचे दार वाजवावयाचे, हे त्याच्या मुलांनाही अजून नीट सांगता येत नाही.

आता अगदी अलीकडचे. २०१९ आणि २०२० साली संसदेने एकोणतीस कामगार कायदे मोडून चार संहिता केल्या. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याचे जाहीर झाले. त्या संहितांवर स्वतंत्र व्याख्यान होईल. आम्ही आजच्या विषयापुरती दोन कलमे काढून दाखवितो. वेतन संहितेच्या नवव्या कलमात म्हटले आहे की, केंद्राने वेतनाचा तळ ठरवावा. कोणत्याही राज्याला किमान वेतन त्या तळाखाली ठेवता येणार नाही, आणि ज्याचे आधीच वर असेल त्याला ते खाली आणता येणार नाही. आम्हांला हे कलम पसंत आहे. केंद्राने जोते बांधावे, राज्याने त्यावर मजले चढवावे. तळाचा आकडा किती, यावर आम्ही भांडू. पण बांधणी योग्य आहे.

आता औद्योगिक संबंध संहितेचे ७७ वे कलम वाचा. कपातीला व बंदीला परवानगी लागणारा कारखाना कोणता, तर तीनशे कामगारांचा, ‘किंवा समुचित शासन अधिसूचित करील अशा अधिक संख्येचा’. हे ‘अधिक’ नीट लक्षात घ्या. राज्याला तीनशेचे पाचशे करता येतात, हजार करता येतात. तेही विधानसभेत विधेयक न आणता, राष्ट्रपतींकडे न जाता, नुसत्या अधिसूचनेने. पण एखाद्या राज्याला तीनशेचे शंभर करावयाचे असतील, तर त्याने विधानसभेत विधेयक मांडावे, मंजूर करावे आणि २५४ व्या कलमाच्या खिडकीशी जाऊन राष्ट्रपतींच्या संमतीची वाट पाहावी. पगाराच्या बाबतीत राज्याला फक्त वर जाण्याची मोकळीक. नोकरीच्या बाबतीत खाली उतरण्यास जिना बांधलेला आणि वर चढण्यास दोर. एकाच संसदेने, एकाच वर्षाच्या अंतराने, एकाच समवर्ती सूचीखाली ही दोन कलमे केली. मालकपक्षाचे म्हणणे असे की, आकडा चढा ठेवला म्हणजे कारखाने मोठे होतात, माणसे अधिक लागतात. आम्ही ते म्हणणे उडवून लावत नाही. पण ते खरे असेल तर तो आकडा विधानसभेत उघड मांडण्यास हरकत कसली? दोनशेनव्वद माणसांच्या कारखान्यात आज फाटकावर नोटीस लागली, तर परवानगीचा प्रश्नच येत नाही. उद्या आकडा वाढला, तर चारशेनव्वदांच्या कारखान्यातही येणार नाही, आणि त्या कारखान्यातल्या माणसाला ते नोटीस लागेपर्यंत ठाऊकही होणार नाही.

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. वेतनाला जो नियम लावला तोच नोकरीच्या सुरक्षिततेला, कामाच्या तासांना आणि अपघाताच्या भरपाईला लावावा. केंद्राने खालची रेघ मारावी. राज्याला त्या रेघेच्या वर हवे तितके जाता यावे, आणि तेही संमतीची वाट न पाहता. रेघेच्या खाली यावयाचे असेल तर मात्र विधानसभा, चर्चा आणि राष्ट्रपतींची संमती. यासाठी घटनेत एका अक्षराचाही फरक करावा लागत नाही. संहितेतील एक शब्द बदलला म्हणजे पुरे. ‘अधिक’च्या जागी ‘कमी’.

तोवर आपण काय करावयाचे? आमच्या गेटसभेत आम्ही सांगतो तेच येथे सांगतो. महाराष्ट्र शासनाचे राजपत्र आता संगणकावर कोणालाही पाहता येते. आमच्या कचेरीत एक तरुण पोरगा दर आठवड्याला ते पाहतो. तीनशेच्या जागी दुसरा आकडा आला तर तो तेथे, एका लहानशा अधिसूचनेत येईल. खाली एका अधिकाऱ्याची सही असेल आणि वर समवर्ती सूचीतला बाविसावा विषय. तो कागद हाती आला की त्याची प्रत आम्ही या व्याख्यानमालेच्या चालकांकडेही पाठवू.